कामाच्या वाहनाची चालक-सीट: मोजमापापासून चाचणीपर्यंत

फोर्कलिफ्ट, लोडर, डोझर, ट्रॅक्टर अशा वाहनांच्या सीटचे काम नव्या डिझाइनरकडे येते तेव्हा पहिली चर्चा बहुतेक वेळा गादीची होते. फोम किती जाड घ्यायचा, कव्हर कोणते, रंग कोणता. ही सगळी शेवटची कामे आहेत. सुरुवात करायची ती वाहनाच्या फरशीपासून. फरशी कशी हलते, चालकाचे पाय आणि हात कुठे पोचायला हवेत आणि वाहन उलटले तर चालक कुठे असेल, या तीन प्रश्नांची उत्तरे आली की सीट अर्धी ठरली. गादी मऊ केली की चालकाला आराम मिळतो हा समज सगळ्यात महागात पडतो. तो का, ते तिसऱ्या पायरीत येईल.

आधी हाताशी काय हवे

- वाहनाच्या केबिनचे त्रिमितीय रेखाचित्र, पेडल, स्टिअरिंग आणि लिव्हर यांच्या जागांसह
- मानके (आयएसओ म्हणजे आंतरराष्ट्रीय, ईएन म्हणजे युरोपीय): सीटचा संदर्भबिंदू ठरवायला आयएसओ ५३५३, चालकाच्या शरीराच्या मापांसाठी आयएसओ ३४११, हात-पाय पोचण्याच्या क्षेत्रांसाठी आयएसओ ६६८२, माती-खोदाईच्या यंत्रांच्या सीटची कंपन-चाचणी करायला आयएसओ ७०९६, फोर्कलिफ्टसाठी ईएन १३४९०, शरीराला पोचणारी कंपने मोजायला आयएसओ २६३१-१
- बेल्टसाठी आयएसओ ६६८३ (माती-खोदाईची यंत्रे) किंवा आयएसओ २४१३५-१ (फोर्कलिफ्ट)
- त्रिअक्षीय कंपनमापक: एक फरशीवर लावायचा, दुसरा सीटवर ठेवायच्या चपट्या चकतीतला
- टॉर्क रेंच, कोनमापक, वजनकाटा
- बसून बघायला किमान दोन माणसे: एक ५५ किलोच्या आसपासचा, दुसरा १०० किलोच्या आसपासचा

मानकांची चालू आवृत्ती घ्या. जुन्या प्रती ऑफिसात वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि त्यातल्या आकड्यांवर साचे तयार होतात.

१. वाहन कसे हलते ते मोजा

सीट पुरवठादाराला फोन करण्याआधी हे करा. सध्याच्या सीटच्या पायाशी, फरशीवर कंपनमापक लावा आणि वाहन नेहमीच्या कामावर चालवा: भरलेले, रिकामे, चांगल्या रस्त्यावर, खड्ड्यांतून. मिळालेल्या आलेखात ऊर्जा कोणत्या वारंवारतेला गोळा झाली आहे ते पाहा.

चाकांच्या लोडरला मोठे, मऊ टायर असतात आणि सहसा वेगळे सस्पेन्शन नसते. सगळे वाहनच टायरवर उड्या मारते, त्यामुळे त्याचा जोर २ हर्ट्झच्या (सेकंदाला दोन हेलकावे) आसपास असतो. भरीव टायरच्या फोर्कलिफ्टमध्ये तो बराच वर, ३ ते ६ हर्ट्झच्या पट्ट्यात जातो. चाकांऐवजी साखळी-पट्ट्यांवर चालणाऱ्या डोझरमध्ये आणखी वर. म्हणून एका वाहनात नावाजलेली सीट दुसऱ्यात बसवली की तिच्याविषयी तक्रारी येतात. आयएसओ ७०९६ मध्ये यंत्रांचे वेगवेगळे वर्ग आणि प्रत्येकाचे वेगळे कंपन दिले आहे ते यासाठीच. सीटच्या माहितीपत्रकावर ‘चाचणी उत्तीर्ण’ दिसले तर कोणत्या वर्गासाठी, हे आधी विचारा.

आडव्या दिशांकडेही पाहा. मधोमध वळणारा लोडर किंवा शेतात अवजार ओढणारा ट्रॅक्टर पुढे-मागे इतके धक्के देतो की उभ्या कंपनापेक्षा तेच भारी पडू शकतात. तिथे पुढे-मागे सरकणारा वेगळा आयसोलेटर (धक्के अडवणारी यंत्रणा) लागतो, आणि तो कुलूपबंद करायची सोयही. बारीक हाताच्या कामात चालकाला तो नको असतो.

२. संदर्भबिंदू पक्का करा

केबिनमधली सगळी मापे सीट इंडेक्स पॉइंटपासून घेतली जातात. हा बिंदू चालकाच्या कुल्ल्याच्या सांध्याजवळ येतो आणि तो ठरवायला आयएसओ ५३५३ मध्ये सांगितलेले साधन सीटवर ठेवून, भार देऊन मोजतात. सीट पुढे-मागे आणि वर-खाली समायोजनाच्या मध्यावर, सस्पेन्शन (सीटखालची स्प्रिंग-यंत्रणा) मधल्या उंचीवर.

इथली नेहमीची फसगत अशी: पुरवठादाराच्या रेखाचित्रात बिंदू भार दिलेल्या स्थितीत असतो आणि तुमच्या संगणकातले सीटचे मॉडेल रिकामे, फुगलेले असते. दोन्ही एकमेकांवर ठेवले की कित्येक मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो थेट पेडलच्या अंतरात आणि डोक्यावरच्या मोकळ्या जागेत दिसतो. शिवाय मोटारगाड्यांमधला एच-पॉइंट हा वेगळ्या साधनाने मोजलेला वेगळा बिंदू आहे. दोन्ही जवळपास असले तरी एकाच्या जागी दुसरा वापरू नका.

बिंदू ठरला की दोन टोकांचे चालक बसवून पाहा, ढोबळमानाने १.५५ मीटर आणि १.९ मीटर उंचीचे. तपासायच्या गोष्टी:

- पेडल पूर्ण दाबल्यावरही बुटक्या चालकाची पाठ टेकलेली राहते का
- उंच चालकाचा गुडघा स्टिअरिंगला किंवा लिव्हरला लागतो का
- सीट सगळ्यात वर, सस्पेन्शन वरच्या थांब्यावर आणि डोक्यावर हेल्मेट, तरी छतापर्यंत जागा उरते का
- सीट सगळ्यात मागे आणि पाठ कललेली असताना मागच्या भिंतीला घासत नाही ना

पुढे-मागे सरकण्यासाठी एकूण १५० मिमी अंतर धरा आणि एका खाचेपासून दुसरी २५ मिमीपेक्षा लांब ठेवू नका. रेल दोन्ही बाजूंनी कुलूप होणारी घ्या. एकच बाजू अडकली आणि दुसरी दातावर टेकून राहिली, तर चालकाला ते कळत नाही. जोरात ब्रेक लागल्यावर कळते.

३. सस्पेन्शन निवडा

इथे वेळ घालवा. पुढचे सगळे यावर उभे आहे.

स्प्रिंगवर बसलेले कोणतेही वजन स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेला जास्त हलते. त्या वारंवारतेच्या सुमारे १.४ पट वर गेल्यावरच कंपन कमी व्हायला लागते. त्याखाली सीट कंपन वाढवते किंवा जसेच्या तसे पोचवते. आता हिशेब मांडा. सीटची नैसर्गिक वारंवारता १.५ हर्ट्झ असेल तर उपयोग २.१ हर्ट्झच्या पुढे सुरू होतो. फोर्कलिफ्टला हे पुरते. तिथे २ हर्ट्झची स्प्रिंग-सीटही चालून जाते, कारण २.८ हर्ट्झच्या वर ती काम करते आणि फरशीचा जोर त्याहून वर आहे. पण लोडरचा जोर २ हर्ट्झलाच असल्याने तीच सीट तिथे काहीच करत नाही. लोडरला १.१ ते १.२ हर्ट्झपर्यंत खाली जाणारी सीट हवी, म्हणजे बहुधा हवेच्या स्प्रिंगची.

मग सगळीकडे हवेचीच का नको? कारण मऊ स्प्रिंग जागा मागते. वजन ठेवल्यावर स्प्रिंग किती दबेल ते वारंवारतेवरूनच निघते: २ हर्ट्झला ६२ मिमी, १.५ हर्ट्झला ११० मिमी, १.२ हर्ट्झला सुमारे १७३ मिमी. हे सगळे अंतर सीटच्या चालीत (वर-खाली हलण्याच्या अंतरात) यावे लागत नाही, स्प्रिंगला आधीच ताण देऊन ते झाकता येते. तरी सीट मऊ केली की खालच्या-वरच्या चालीची गरज वाढतेच. फोर्कलिफ्टमध्ये छत आणि इंजिनाचे किंवा बॅटरीचे झाकण यांच्यामध्ये उंची कमी, त्यामुळे चाल ६० ते ८० मिमीमध्ये बसवावी लागते. लोडरमध्ये १०० मिमी आणि पुढे जाता येते.

चाल कमी आणि स्प्रिंग मऊ अशी जोडी झाली की सीट थांब्यांवर आपटते. आपटणारी सीट घट्ट बसवलेल्या सीटपेक्षा वाईट, कारण धक्का अचानक आणि थेट कण्यात जातो. दोन्ही टोकांना रबराचे किंवा तत्सम थांबे द्या, ते हळूहळू घट्ट होणारे असू द्यात आणि वरच्या टोकाचा विसरू नका. चालक ‘सीट उडवते’ म्हणतो तेव्हा बहुधा वरचाच थांबा कडक असतो.

डॅम्पर (हालचाल शमवणारा भाग) जितका जोरदार तितका चांगला, असेही नाही. कमी असेल तर सीट नैसर्गिक वारंवारतेला झुलत राहते. फार असेल तर वरच्या वारंवारतांचे कंपन डॅम्परमधूनच वर चढते. क्रांतिक डॅम्पिंगच्या (सीट न झुलता जागेवर परत येईल इतक्या डॅम्पिंगच्या) २० ते ४० टक्के या पट्ट्यात शोध सुरू करा.

आणि घर्षण. कात्रीसारख्या उघड-मीट करणाऱ्या यंत्रणेत बुश, रोलर, खाचा असतात. बारीक कंपनाचा जोर त्यांचे घर्षण मोडू शकला नाही तर कात्री हलतच नाही. सपाट फरशीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टमध्ये हे सर्रास होते: महागडे सस्पेन्शन गप्प उभे आणि चालक नुसत्या फोमवर. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेत ४ ते ६ हर्ट्झच्या आसपास सर्वात जास्त हलते, आणि नुसत्या फोमची सीटही साधारण ४ हर्ट्झजवळच झुलते. मऊ जाड गादी हानी करते ती अशी. ज्या वारंवारतेला पाठ आणि पोट आधीच नाजूक, तिथेच ती भर घालते. म्हणून नमुना आला की सीटवर वजन ठेवून, ती हलायला सुरुवात होण्यासाठी किती जोर लागतो ते मोजा. धूळ-माती बसल्यावर पुन्हा मोजा.

४. वजनाची सोय

बसलेल्या माणसाचे सुमारे ७५ टक्के वजन सीटवर येते, बाकीचे पायांवर. ५५ किलोच्या चालकाचे ४१ किलो, त्यात सीटच्या वरच्या भागाचे १५ किलो धरले तर ५६ किलो. १.५ हर्ट्झसाठी स्प्रिंगचा कडकपणा साधारण ५ न्यूटन प्रति मिमी येतो. आता त्यावर १०० किलोचा माणूस बसवा: सीटवरचा भार ९० किलो होतो आणि समायोजन नसेल तर सीट आणखी ६७ मिमी खाली जाते. ६०-८० मिमी चालीत याचा अर्थ ती तळाला टेकली.

म्हणून समायोजन हवेच, आणि चालक ते वापरेल असे हवे. हँडल बसल्या जागेवरून, हातमोजे घालून फिरवता यावे. किलोचे आकडे किंवा मधली खूण समोरून दिसावी. दोन-तीन पाळ्यांत चालक बदलत असतील तर माणूस बसला की आपोआप उंची धरणारी हवेची सीट परवडते, कारण हाताने फिरवायचे चाक पहिल्या आठवड्यानंतर कोणी फिरवत नाही.

५. गादी आणि पाठ

सस्पेन्शनवरच्या गादीला ६० ते ८० मिमी साच्यातला पॉलियुरेथेन फोम पुरतो, घनता ५० ते ६० किलो प्रति घनमीटरच्या आसपास. कमी घनतेचा फोम दोन मिनिटे बसून पाहताना छान वाटतो आणि काही महिन्यांत खालचा पत्रा टोचायला लागतो. निवड करताना किमान दोन तास बसवून पाहा.

गादीची खोली ४०० ते ४३० मिमी. बुटक्या चालकाच्या गुडघ्यामागे तीन-चार बोटे जागा राहिली पाहिजे, नाहीतर तो पुढे सरकून बसतो आणि पाठीचा टेकू वाया जातो. पुढची कड गोल उतरती ठेवा. गादी मागच्या बाजूला ५ ते १० अंश कललेली, म्हणजे ब्रेक लागला तरी माणूस घसरत नाही. कमरेचा फुगवटा दबलेल्या गादीपासून १५० ते २५० मिमी उंचीवर, आणि तो कमी-जास्त करता येणारा. घट्ट फुगवटा सगळ्यांना मानवत नाही.

बाजूच्या उंचवट्यांत मात्र ओढाताण आहे. वाहन कलताना चालकाला धरून ठेवायला ते उंच हवेत. फोर्कलिफ्टचा चालक पाळीत कितीतरी वेळा उतरतो-चढतो, तेव्हा चढण्याच्या बाजूचा उंचवटा प्रत्येक वेळी मांडीखाली घासतो. कव्हर पहिले फाटते ते तिथेच. बाजूचे धरण्याचे काम पाठीच्या खालच्या भागातल्या कडक पंखांवर टाका आणि गादीची ती कड बुटकी ठेवा. शिवण वरच्या कडेवरून जाऊ देऊ नका.

६. बेल्ट आणि भाराचा मार्ग

फोर्कलिफ्ट आडवी होताना चालकाची पहिली प्रतिक्रिया उडी मारण्याची असते आणि छताची चौकट त्याच्यावरच येते. जागेवर राहिलेला माणूस वाचण्याची शक्यता जास्त. बेल्ट आणि कमरेच्या बाजूचे अडसर यासाठी आहेत, समोरच्या टकरीसाठी नव्हे.

बेल्टची टोके सीटच्या हलत्या, वरच्या भागाला जोडा. फरशीला जोडली तर प्रत्येक उसळीला बेल्ट पोटावर आवळतो आणि खाली जाताना सैल पडतो. पण वरच्या भागाला जोडल्यावर उलटण्याचा सगळा भार रेल आणि कात्रीतून खाली जातो. कात्री त्यासाठी बनलेली नसेल तर सीटच्या वरच्या भागापासून वाहनाच्या चौकटीपर्यंत वेगळे पट्टे द्या. पट्ट्यांची लांबी सीट सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे असताना ठरवा. मधल्या उंचीवर ठरवली तर सीटची चाल तेच अडवतात.

आता भाराचा मार्ग बोटाने दाखवत खाली जा: बेल्ट, बकलचा बोल्ट, सीटची चौकट, रेल, सस्पेन्शन किंवा पट्टे, पाया, आणि मग? अनेक फोर्कलिफ्टमध्ये सीट इंजिनाच्या किंवा बॅटरीच्या झाकणावर असते. म्हणजे झाकणाची बिजागरी आणि खटका हेही जीव वाचवणारे भाग झाले. खटका उघडला तर चालक बेल्टसकट, सीटसकट बाहेर. बेल्टची ओढ-चाचणी सीट एकटी टेबलावर बांधून करू नका. खऱ्या झाकणावर, खऱ्या खटक्यासह करा.

बेल्ट आपोआप गुंडाळणारा असेल तर तो उतारावर आणि खड्ड्यांत कसा वागतो ते पाहा. झुकाव ओळखून कुलूप होणारी यंत्रणा उतारावर बेल्ट ओढूच देत नाही. काही गुंडाळे धक्क्यागणिक थोडे-थोडे आवळत जातात. त्रासलेला चालक मग बेल्ट पाठीमागून लावून ठेवतो. यावर उपाय क्रमाचा आहे: आधी माणूस बसल्याचा संकेत, मग बकल लागल्याचा, तरच वाहन हलेल. उलट क्रम आला तर नाही.

७. सीटखालचा स्विच

चालक जागेवर नसताना वाहन चालू नये यासाठी हा असतो. ५० किलोच्या माणसाचे सीटवर ३७-३८ किलोच येतात, आणि तो उसळीत क्षणभर आणखी हलका होतो. स्विच ८० किलोच्या माणसावर ठरवला तर हलका चालक खड्ड्यातून जाताना वाहन मध्येच थांबते. म्हणून हलक्या चालकावर ठरवा, हत्यारांच्या पिशवीने मात्र तो दाबला जाऊ नये, आणि उसळीपुरता छोटा विलंब ठेवा. चावी फिरवण्याआधीच स्विच दाबलेला आढळला तर नियंत्रकाने दोष दाखवावा. कायमचा दाबून बांधलेला स्विच असा पकडता येतो.

वायर तुटते ती नेहमी हलत्या आणि स्थिर भागाच्या मध्ये. तिथे सैल वळसा, जाळीचे आवरण आणि दोन्ही टोकांना पकड द्या. कात्रीच्या सांध्यांत बोट अडकू नये यासाठी सगळीकडून भाता (घड्यांचे लवचीक आवरण) लावा. भाता नसेल तिथे मिटताना फट २५ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका.

८. मागे पाहणे, हात, कव्हर

फोर्कलिफ्ट बराच वेळ उलटी चालते. सीट १० ते १५ अंश फिरली तरी मान आणि कंबर यांचा पीळ बराच कमी होतो. सोबत मागच्या खांबाला हँडल आणि त्यावर हॉर्नचे बटण द्या. हातावरच जॉयस्टिक असेल तर आर्मरेस्ट सीटसोबत हलला पाहिजे, नाहीतर उसळीत हात हलतो आणि बूमही (यंत्राचा लांब हात).

उघड्या वाहनाला शिवणीचे कापड नको, सुयांच्या भोकांतून पाणी फोममध्ये जाते. जोड वेल्ड केलेले कव्हर घ्या आणि तळाला निचऱ्याची भोके ठेवा. आगीसाठी जळण्याचा वेग मोजणारी चाचणी फोम आणि कव्हर एकत्र असताना करा, सुटे-सुटे उत्तीर्ण झालेले एकत्र आल्यावर वेगळे जळू शकतात.

९. चाचणी आणि आकडे

सीटवरचे आणि फरशीवरचे भारित कंपन (शरीराला जास्त जाचणाऱ्या वारंवारतांना जास्त महत्त्व देऊन काढलेले) एकाच वेळी मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. फरशीवर ०.९ आणि सीटवर ०.६५ मीटर प्रति सेकंद वर्ग आले तर गुणोत्तर ०.७२. एकाच्या वर गेले तर सीट त्या वाहनासाठी चुकीची. हलक्या आणि जड, दोन्ही माणसांवर मोजा. हलक्यावरचा निकाल बहुतेक वेळा वाईट येतो आणि अहवालातून गाळला जातो तोही तोच.

दिवसाचा भार काढायला सीटवरचा आकडा, कामाचे तास भागिले ८ याच्या वर्गमुळाने गुणा. ०.७ ला ५ तास म्हणजे ०.५५. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात उपाय सुरू करण्याची पातळी ०.५ आणि कमाल मर्यादा १.१५ आहे, म्हणजे इथे काहीतरी करायला हवे. आडव्या दोन दिशांचे आकडे आधी १.४ ने गुणायचे आणि तिन्हींतला सर्वात मोठा घ्यायचा. सरासरीत आपटण्याचे धक्के झाकले जातात, त्यामुळे थांब्यांवर किती वेळा आपटली याची मोजणी वेगळी ठेवा.

१०. बसवताना

एम८ आकाराच्या ८.८ दर्जाच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर, एम१० ला ४९ च्या आसपास, पण सीटच्या पत्रकात आकडा असेल तर तोच पाळा. रेल बोल्ट घट्ट करण्याआधी सीट दोन्ही टोकांपर्यंत सरकवून पाहा. पाया जरा वाकडा असला तरी रेल पिळली जाते आणि कुलूप अर्धेच बसते. बेल्टच्या बोल्टखाली लांब भोक किंवा शिमचा (फट भरायच्या पातळ चकत्यांचा) ढीग ठेवू नका.

देखभालपत्रात एवढे लिहाच: बेल्टचे धागे आणि बकल, रेलची दोन्ही कुलुपे, झाकणाचा खटका, स्विचची वायर, डॅम्परची तेलगळती आणि रिकामी सीट हाताने दाबून सोडल्यावर ती अडखळते का. उलटलेल्या वाहनातला बेल्ट आणि त्याचे बोल्ट न तपासता काढून टाका.